शेवटच्या घराचा नळ

मुलांनो, डोळे मिटा. उचगावातली एक अरुंद गल्ली, चार घरं, एकच पाइपलाइन. सकाळचं पाणी सुटलंय. तीन नळ वाहतायत. चौथा, मल्लव्वांचा, कोरडा. पाणी कोण पळवतंय? तुम्हीही शोधा.

"केरबाअण्णा, आजबी थेंब न्हाय! बोअरपतूर जायला गुडघं ऱ्हायलं न्हाईत. उद्या घराला कुलूप लावून लेकीकडं कुरुंदवाडला जाते," मल्लव्वा दारातून म्हणाल्या.

निवृत्त फौजदार केरबा जड अंगानं उठले. नळाला मोटर लावून पाणी ओढायचं नाही, अशी चारही घरांनी जोतिबाच्या गुलालावर हात ठेवून शपथ घेतली होती.

"कधीच येत न्हाय?"

"परवा लाईट गेलती, तवा आलतं की. भरभरून!"

शेजारच्या विजयसिंहांकडं टीव्हीवर कुस्ती गर्जत होती.

"मोटर लावता?" केरबांनी दारातून विचारलं.

"काय?"

"टीव्ही बारीक करा!"

"ऱ्हाऊ द्या की. मी न्हाय, त्या कृष्णातला विचारा."

कृष्णातच्या घरात मिक्सर घरघरत होता.

"काय वाटतोस?"

"चटणी."

भांडं रिकामं दिसत होतं.

"मोटर?"

"विजयसिंहाकडं बघा की!"

केरबा थकून घरी परतले. सुनेनं, स्वप्नालीनं, गाणी मोठ्यानं लावली होती. नात मोना कानांवर हात ठेवून उंबऱ्यात बसलेली.

"आज्जा, पाणी गेलं की गाणीबी बंद हुत्यात."

केरबा तसेच मागं फिरले. मग त्यांनी सगळ्यांना गल्लीत बोलावलं.

"लाईट गेली की मल्लव्वाला पाणी येतं. म्हंजे चोर विजेवर चालतोय. त्याचा आवाज लपवायला टीव्ही, रिकामा मिक्सर, गाणी. चोर एक न्हाय, तीन हाईत. तिसरं घर माझंच."

स्वप्नालीनं मान खाली घातली. "मामंजी, त्या दोघांनी लावली. आपुन एकट्यानंच कोरडं ऱ्हायाचं?"

"मीबी तेच्यामुळंच लावली," कृष्णात म्हणाला.

"परवा लाईट नव्हती, तवा हंडं भरलं न्हाईत का?" केरबांनी विचारलं.

"भरलं की."

"मग? सगळी थांबली तर चौघांना पुरतं. पर मी थांबलो आन् दुसरा न्हाय थांबला तर, ह्या भ्यानं कुणीच थांबंना."

"आधी ह्येला बंद करू द्या," विजयसिंह म्हणाले.

"आधी तुम्ही!"

कुणी हललं नाही. केरबा थकून पायरीवर टेकले.

मोना आत गेली. पिन उपटून तिनं मोटर फरफटत आणली आणि गल्लीच्या मधोमध ठेवली. मग घरातली रिकामी कळशी मल्लव्वांच्या कोरड्या नळाखाली लावली आणि दोघा काकांकडं बघत शेजारी बसून राहिली.