सावली धर

"मग सही का नाही केलीत? इतकी वर्षं चित्र डोळ्यांसमोर टांगलेलं होतं, एकदासुद्धा हात उचलला नाही?"

"राहून गेलं."

"बाकी सगळ्या चित्रांवर ठसठशीत सह्या आहेत. हेच बरं राहून गेलं!"

संग्रहालयाचं कुलूप उघडता उघडता बापलेकींचं हे असं जुंपलं होतं. बाप म्हणजे माझे धाकटे दीर, चित्रकार. लेक म्हणजे माझी पुतणी. शाळेत गणित शिकवते, थापा मारणाऱ्यांतली नाही. तिनं मला सांगितलं तेच मी सांगते आहे, पदरचं एक अक्षर घालत नाही. पोरांनो, कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून हसू यायचं नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेनऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी दीरांच्या चित्रांचं दालन उघडायचं होतं, आणि संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं की बिनसहीचं चित्र भिंतीवर चढणार नाही. तेवढ्या एका सहीसाठी दोघं आली होती.

दालन कसलं, दोन खोल्यांचं तर संग्रहालय. पहिलीत गंजकी कुलपं, तराजू, जुन्या पुलाचा लाकडी नमुना, आणि कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही असा एक बूट. दुसरीत मात्र चारी भिंतींवर आपलाच मुलूख. टेकडी, वीटभट्टी, नदीची वळणं. बघणारे म्हणतात, काय हुबेहूब काढलंय! मी म्हणते, नीट बघा, एवढ्या चित्रांत माणूस एक नाही.

माणूस होतं ते चित्रांच्या मागे. माझी धाकटी जाऊ. उघड्यावर रंगवायला बसलं की उन्हानं कागद डोळ्यांवर येतो, म्हणून ही बाई काळी छत्री घेऊन नवऱ्याच्या पाठीशी उभी. "सावली धर," म्हटलं की धरायची. "हात भरून आला हो," म्हणाली की उत्तर ठरलेलं. "दोन मिनिटं. उजेड जातोय."

हे बिनसहीचं चित्र काढलं त्याच संध्याकाळी ती गेली. दीरांनी आम्हाला सांगितलं, लेक घरी एकटी आहे म्हणून घाईनं पुढे निघाली आणि वाटेत कोसळली. लेक तेव्हा नऊ वर्षांची. आई आपल्यासाठी धावली म्हणून मेली, हे त्या पोरीनं त्या दिवशी उरावर घेतलं ते कधी उतरवलंच नाही. आजही कुणी उशिरा घरी आलं तर तीच माफी मागते.

असो. चित्र चौकटीतून काढून टेबलावर ठेवलं होतं. घरी खिडकीसमोर टांगून त्याचा रंग पार उडालेला. दुपारीच पुतणी म्हणाली होती, "बाबा, ही नदीवरची संध्याकाळ आहे की ओल आलेली भिंत?" दीर खुर्चीत बसले. कुंचला भिजवला. कोपऱ्याशी नेला...

आणि वीज गेली.

पुतणीच्या एका हातात रंगाची वाटी होती. दुसऱ्या हातानं तिनं मोबाइलचा दिवा लावला. कागद एकदम पांढराफटक झाला.

मान न वळवता दीर म्हणाले, "चकाकतंय. सावली धर."

जुनी सवय. तोंडातून निसटलं.

मागे खटका वाजला. छत्री उघडल्याचा.

कागदावर सावली आली. गोल. अलगद.

"माझे दोन्ही हात गुंतलेले होते, काकू..." पुतणी मला हे पुन्हा पुन्हा सांगते.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पण दमलेला श्वास ऐकू येत होता. दीरांच्या मानेमागे. सावली थरथरत होती. हात थकला की थरथरते, तशी.

दीर पुटपुटले, "दोन मिनिटं..."

आणि कोपऱ्याशी नेलेला कुंचला मागे घेतला.



मग मागे न बघताच बोलले. "वाटेत नाही पडली ती. माझ्या मागेच खाली बसली. दोनदा हाक मारली. मी वळलो नाही... उजेड जात होता. पाणी रंगवून झालं, मग वळलो. तर..."

"आणि मला सांगितलंत, माझ्यासाठी धावली."

पुतणीनं रंगाची वाटी टेबलावर ठेवली.

"नऊ वर्षांची होते मी, बाबा."

वीज आली. मागे कुणी नाही. छत्री म्हणाल तर त्या इमारतीत एक नव्हती.

माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं झालं असतं. मीच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

पण कागदावर... बाकी चित्र तसंच विटलेलं. मधोमध तेवढा एक गोल तुकडा ताजा. पाणी केशरी, गवत हिरवंगार, जसं त्या संध्याकाळी असेल तसं. त्या गोलाची कड छत्रीसारखी, काड्यांच्या टोकांशी टोकदार, मधे आत वळलेली. इतकी वर्षं तेवढ्यावर कुणी ऊनच पडू दिलं नव्हतं जणू. मी स्वतः चष्मा लावून बघितलंय. आजही तसंच आहे.

दीरांनी कुंचला खाली टाकला. "फाडून टाकतो. माझं नाव नको यावर."

"फाडायचं नाही."

"कुठल्या तोंडानं सही करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"पोरी, तू मला..."

तिनं पुढचं बोलू दिलं नाही. कुंचला उचलला, रंगात बुडवला, त्यांच्या बोटांत दिला. मग एकदा त्यांच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली,

"सही करा, बाबा, आणि उठा. तिचा हात भरून आला असेल."