सहा वाजता गेलेली माणसं

ही गोष्ट खरी आहे. मित्राच्या मित्राची नाही, ऐकीव नाही... माझी आहे.

माणसांची नावं बदलली आहेत. तारीख बदललेली नाही. मंगळवार, १४ मे २०२४. जागा, हिंगोलीहून औंढा नागनाथकडे जाणारा रस्ता. शहराची वस्ती संपली की डाव्या हाताला एक हळद पॉलिश करायचा कारखाना होता. आता तिथे कुलूप आहे.

मी तिथे सुपरवायझर होतो. माझं नाव जुबेर समजा.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालतात. ड्रम पट्ट्यावर गरगर फिरतो. घासून घासून साल निघते आणि हळकुंड पिवळंधमक होऊन बाहेर येतं. मग बाया खाली बसून ते निवडतात. आमच्याकडे बावीस बाया होत्या.

आणि एक अंगठ्याचं मशीन होतं.

अंगठा ठेवला की हजेरी लागायची. मशीन बाईच्या आवाजात बोलायचं. अंगठा घेतला तर "थँक यू". नाही घेतला तर "प्लीज ट्राय अगेन".

आमचे मालक उत्तमशेठ. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. त्यांचा नियम असा, की सकाळी नऊला अंगठा लावायचा आणि संध्याकाळी सहाला परत लावायचा. मशीनमध्ये बाई घरी गेली. पण खरं तर कुठेच जायचं नाही. अंगठा लावून परत खाली बसायचं आणि रात्री नऊपर्यंत हळद निवडायची.

त्या तीन तासांचे तीस रुपये मिळायचे. त्याला चहापाणी म्हणायचे. कागदावर ते तीन तास नव्हतेच.

वर कपात निराळी. दहा मिनिटं उशीर, अर्धा दिवस कापला. हातमोजे फाटले, पैसे कापले. हळदीचं वजन कमी भरलं, सगळ्यांचे कापले.

आणि ही कपात वहीत लिहायचो मी. माझ्याच अक्षरात.

सखुबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. पंधरा वर्षं हळद निवडून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या होत्या. मशीनला तिचा अंगठा कळायचाच नाही. रोज तीच तऱ्हा. पहिल्यांदा "प्लीज ट्राय अगेन". दुसऱ्यांदा "प्लीज ट्राय अगेन". मग ती अंगठा केसांच्या तेलावर घासायची, ठेवायची... आणि "थँक यू".

"जुबेरभाऊ, मलाच काहून वळखत न्हाई वो हे?" असं म्हणून हसायची.

बावीस बायांत तीनदा अंगठा लावणारी ती एकटीच.

एप्रिलमध्ये एके दिवशी तिने सगळ्यांसमोर शेठला विचारलं. तिची कोमल बारावीला होती, तिने मोबाइलवर वाचून सांगितलं होतं.

"शेठ, जादा कामाचे दुप्पट पैसे असतेत म्हणं कायद्यानं. आन् पगारातून असं वाटंल ते कापता येत न्हाई म्हणं."

शेठने गुटख्याची पिचकारी टाकली.

"कायदा तिकडं हिंगोलीत ऱ्हातो. हितं मी ऱ्हातो."

सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

२३ एप्रिलला रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी सखुबाईचा पदर ड्रमच्या पट्ट्यात गेला.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. उशीर झाला होता.

पोलिस आले तेव्हा शेठ मशीनसमोर उभे होते. "बघा साहेब, सहाला गेलेली बाई हाय ही. मशीनमंदी टाइम हाय. मागल्या दारानं परत आली असंल, पदरात हळद बांधून न्यायला."

चोर ठरवली तिला. पंधरा वर्षं काम केलेल्या बाईला.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुबेर, तुझा चार महिन्यांचा पगार मह्याकडं जमा हाय. बराबर जबाब दे."

माझी बायको गुलनाज तेव्हा आठव्या महिन्यात होती. मी जबाब दिला. सखुबाई सहाला गेली होती असं लिहिलं आणि सही केली. बाकीच्या बायाही खाली मान घालून गप्प राहिल्या.

एवढ्यावर थांबलं नाही. कोमल आईचा राहिलेला पगार घ्यायला आली, तेव्हा शेठने त्या रात्री ड्रममध्ये असलेल्या हळदीची किंमत त्यातून कापायला लावली. रक्त लागून माल खराब झाला म्हणून. मी कापली. पोरीच्या हातात तीनशे चाळीस रुपये पडले.

तिने ते मोजले नाहीत. माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सुरू झालं...

बाया खाली निवडत होत्या. मी दाराशी होतो. मशीनजवळ कोणी नव्हतं.

"प्लीज ट्राय अगेन."

सगळ्यांचे हात थांबले.

"प्लीज ट्राय अगेन."

मग थोडा वेळ काहीच नाही. तेवढा वेळ कशाला लागतो, ते मला ठाऊक होतं. डोक्यावर अंगठा घासायला...

"थँक यू."

घड्याळात आठ दहा झाले होते.

मी स्क्रीन पाहिली. सत्तावीस नंबर. सखुबाई. आउट, आठ वाजून दहा मिनिटं.

मी नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच तीन आवाज. पुसली. तिसऱ्या दिवशी परत. आणि गंमत म्हणजे आधी पुसलेल्याही परत आलेल्या.

मग वही...

पगाराची वही मी कपाटात ठेवून कुलूप लावायचो. एका सकाळी उघडली तर कपातीच्या प्रत्येक आकड्यावर पिवळा अंगठा उठलेला. ओला. एका पानावर बावीस अंगठे, आणि एकाही अंगठ्याला रेघ नाही. नुसते गुळगुळीत पिवळे ठिपके.

बायांनी सहानंतर थांबायचं सोडून दिलं. शेठने शिव्या दिल्या, पैसे कापायची धमकी दिली. पण कोणी थांबेना.

तेवढ्यात कोमलने अर्ज केला. आईच्या नुकसानभरपाईचा. कामगार कार्यालयातून नोटीस आली, की १५ मे रोजी हजेरीचं मशीन घेऊन हजर राहा.

मशीनमध्ये तर मेलेली बाई रोज आठ दहाला घरी जात होती!

म्हणून १४ मेला शेठने बायांना दुपारीच सोडलं आणि साडेपाचला स्वतः आले. सगळ्या नोंदी मुळापासून उडवून टाकायच्या होत्या. आत आम्ही दोघंच.

"भुताला बी कामाला लावीन मी," शेठ म्हणाले. "अन् मजुरी बी देणार न्हाई."

सहा वाजले.

शेठ माझ्या शेजारी उभे होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात गुटख्याची पुडी. मशीन आमच्यापासून चार हात लांब...

"थँक यू."

एकदाच. पहिल्या झटक्यात घेतलं. स्क्रीनवर नाव आलं. नंबर एक. उत्तमराव. आउट, सहा वाजता.

मशीन आणलं तेव्हा त्यांनीच तपासायला पहिला अंगठा लावला होता. त्यानंतर कधी लावला नव्हता.

"थँक यू," मशीन पुन्हा बोललं. हे दुसरं कोणाचं, ते मी पाहिलं नाही.

शेठ हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला. बायकोने उचलला, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हॅलो? हॅलो? कोन बोलतंय?" शेठ ओरडून बोलत होते. तिकडे काही पोचत नव्हतं. तिने फोन ठेवला. तीनदा असंच झालं.

शेठच्या कपाळावर घाम आला. "ज्जा, चहा घिऊन ये," म्हणाले. "मी हे काम उरकतो."

मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेलो. चहावाला रोजचा ओळखीचा. मी दोन चहा सांगितले. त्याने वर पाहिलं नाही. पुन्हा सांगितलं. माझ्या मागून आलेल्या माणसाला त्याने चहा दिला, माझ्याकडे बघेना. मला वाटलं, सखुबाईच्या प्रकरणामुळे राग धरून असेल. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला आत जायचंच नव्हतं.

शेवटी रिकाम्या हाताने परत आलो.

आत शेठ नव्हते.

पंखा चालू. गुटख्याची पुडी टेबलावर. खुर्ची मागे सरकलेली. मी हाक मारली, "शेठ?"

हळदीचा तो तिखट वास नेहमीच असतो. पण त्या वेळी तो इतका वाढला की घशात बसला.

"प्लीज ट्राय अगेन."

मी दाराकडे सरकलो.

"प्लीज ट्राय अगेन."

मनात म्हटलं, या अल्लाह, तिसरं नको...

"थँक यू."

लाइट गेली. आणि अंधारात ड्रम फिरायला लागला. वीज नसताना. आधी हळू, मग जोरात. आत हळद नव्हती, तरी काहीतरी आपटत होतं.

मी बाहेर पळालो. शटर ओढलं. कुलूप लावलं. मोटरसायकलला किक मारली ती थेट घरी.

सकाळी मी कुलूप काढलं आणि बायांनी शेठला पाहिलं. ड्रमच्या पट्ट्याखाली पडलेले. नाकात, तोंडात, घशात हळद ठासून भरलेली. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर एक रेघ राहिली नव्हती. पंधरा वर्षं हळद निवडल्यासारखे गुळगुळीत.

पोलिसांनी मशीन पाहिलं. सखुबाईच्या आठ दहाच्या नोंदी त्यात राहिल्या नव्हत्या. उत्तमराव, आउट, सहा वाजता.

"सहाला गेला होता, मग मागच्या दाराने परत कशाला आला?" साहेब म्हणाले.

शेठचा कामावरच्या अपघाताचा विमा होता. तोही ह्याच एका प्रश्नावर अडकला. बायको वर्षभर चकरा मारत होती. मला तिची दया यायला पाहिजे होती. आली नाही.

आणि पोलिसांनी माझंही नाव पाहिलं. जुबेर, आउट, सहा वाजता. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, जुबेर त्या दिवशी टपरीवर आलाच नव्हता. मी सुटलो.

त्या संध्याकाळी मी मशीनला हात लावला नव्हता.

मधे वर्ष गेलं. मला मुलगी झाली. सखुबाईच्या भरपाईच्या अर्जाचं घोडं पुढे सरकेना, कारण ती सहानंतर कामावर होती असं सांगणारा एकही साक्षीदार नव्हता. गेल्या महिन्यात कोमल माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जुबेरमामा, पैसे न्हाई भेटले तरी चालतील. मही माय चोर न्हवती, येवढं लिहून द्या."

मी हो म्हणालो. त्या रात्री गुलनाजला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "जाओ. बच्ची का हक है."

मागच्या सोमवारी मी कामगार कार्यालयात गेलो. साहेबांना सांगितलं, की सखुबाई आठ दहाला कामावरच होती. सहाला अंगठा घ्यायचा आणि नऊपर्यंत राबवायचं, हीच आमची पद्धत. तिने हळद चोरली नाही. हजेरी खोटी, कपात खोटी, माझा जबाब खोटा. सगळं लिहून दिलं.

कोमल बाकावर बसली होती. ती ऐकून तोंडावर ओढणी धरून हुंदके देत राहिली.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. चष्मा काढला.

"म्हणजे ह्या मशीनच्या सहाच्या वेळा खोट्या आहेत."

"हो साहेब."

"सगळ्यांच्या?"

मला प्रश्न कळला. कोमललाही कळला. तिने मान वर केली.

मशीन खरं असेल तर सखुबाई चोर. मशीन खोटं असेल तर १४ मेच्या रात्री मी त्या कारखान्यात होतो, आणि कुलपाची चावी माझ्याकडे होती.

"सगळ्यांच्या," मी म्हणालो.

काल पोलिस ठाण्यातून फोन आला. उद्या अकराला बोलावलंय.

तेव्हापासून मी विचार करतोय. त्या दिवशी माझा अंगठा कोणी लावला? सखुबाईने मला वाचवलं, की वर्षभर मोकळं फिरवून आज पकडलं? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

एक गोष्ट मात्र पोलिसांना सांगायच्या आधी इथे लिहून ठेवतो. मी शटर ओढलं तेव्हा शेठची गाडी बाहेरच उभी होती. मी ती पाहिली. कुलूप लावताना आतून शटरवर थापा पडत होत्या, आणि कोणीतरी "जुबेर, जुबेर" करून ओरडत होतं. तो आवाज मी ओळखला होता.

पण मशीन म्हणत होतं की शेठ सहालाच गेले. आणि मी मशीनचं ऐकलं.