तिसऱ्या लॅपटॉपमधली शांतता

हे खरं घडलेलं आहे. आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी सांगितलं की लोक म्हणतात, "छान रंगवलंस गं." रंगवायला मला येत नाही असं नाही, पण यातलं काहीच मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत घडलंय. बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलंय. आणि शेवटचं मी स्वतः दाराबाहेर बसून ऐकलंय.

आणि रात्रबित्र मुळीच नव्हती.

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे मामाच्या घरातली मागची खोली. तिसरा मजला. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. भिंतीला जुनी गादी उभी टेकवलेली, खिडकीवर दोन ब्लँकेटं ठोकलेली आणि कपड्यांचं कपाट सताड उघडं. ताई त्या कपाटात तोंड घालून गाते. हसू नका. कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे तो घुमत नाही. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणारे सगळे असंच काहीतरी करतात.

ताई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांच्या दाढांना तारखा देते आणि घरी आली की संगीत करते. त्या आठवड्यात तिच्या आयुष्यातलं पहिलं खरं काम आलं होतं. एक निर्माती बाई मुलांसाठी गोष्टींची श्राव्य मालिका करत होत्या. त्यांना प्रत्येक भागासाठी एक गाणं हवं होतं. पहिलं गाणं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं, आणि ते आवडलं तर बाराही भाग ताईचे.

म्हणजे दवाखाना सुटणार.

नाही जमलं, तर मामाचं "पुरे झालं आता तुझं टुंगटुंग" हे वाक्य कायमचं खरं ठरणार.

आणि सोमवारी ताईच्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली.

आता नवा कुठला घ्यायचा? घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. मामाचं म्हणणं, पडदा मोठा बघ. मामीचं म्हणणं, पांढरा घे, टेबलाला शोभेल. ताईला त्यातलं काहीच नको होतं. तिला असा लॅपटॉप हवा होता, जो संगीताच्या प्रोग्राममधली चाळीस वाद्यं एका वेळी वाजवताना धापा टाकणार नाही आणि ती गात असताना स्वतः तोंड उघडणार नाही.

त्यासाठी तिची एक परीक्षा आहे. खोलीत लॅपटॉप चालू करायचा, हातभर अंतरावर माइक ठेवायचा आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. मग तीच शांतता खूप मोठ्या आवाजात ऐकायची. पंख्याची घरघर, बारीक गुणगुण, जे काही असेल ते त्यात पकडलं जातं. ते मिनिटभर घरात कुणी हलायचं नाही. मामा तर उघडलेलं वर्तमानपत्र तसंच धरून पुतळा होतो.

पहिला लॅपटॉप दुकानातून परतीच्या बोलीवर आणला. परीक्षेत त्याचा पंखा असा फिरला, की विमान सुटायची वेळ झाली असं वाटावं. परत.

दुसऱ्याचा पंखा शांत होता, पण अठराव्या वाद्याला तडतड सुरू झाली. गरम तव्यावर पाणी शिंपडावं तशी. ताईने सगळ्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या, दुकानात चारदा फोन केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यावर पिक्चर मस्त दिसतो." ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत.

बुधवार संपला. नाकी नऊ आले.

गुरुवारी सकाळी ती स्क्रू काकांकडे गेली. काका जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. त्यांच्या तोंडात नेहमी एक स्क्रू असतो, म्हणून हे नाव. त्यांनी फळीवरून एक काळा लॅपटॉप काढून दिला. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या लॉटमधून आला होता. आतलं सगळं काकांनी स्वतः पुसून कोरं केलं होतं. वापरून बघ, नाही पटला तर आणून दे, म्हणाले.

घरी आल्यावर ताईने वाद्यं चढवायला सुरुवात केली. अठरा, तीस, चाळीस, बावन्न... तडतड नाही. धाप नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला.

मग शांततेची परीक्षा. तीन वाजून दहा मिनिटं. मामा पुतळा झाला. मामीने नळ बंद केला. एक मिनिट संपलं.

ताईने हेडफोन लावले, आवाज पार वर नेला आणि ऐकायला लागली.

घरघर नाही. गुणगुण नाही. कोरी शांतता... वीस सेकंद... तीस... चाळीस...

आणि मग कुणीतरी श्वास आत घेतला.

मोठा श्वास. गायच्या आधी घेतात तसा.

ताई वाट बघत राहिली. श्वास सोडल्याचा आवाज आलाच नाही.

पहिल्यांदा ती वैतागली, घाबरली नाही. बाहेर जाऊन तिने मामाला विचारलं, जांभई दिलीत का? मामाचं उत्तर, मी तर नाकाने श्वाससुद्धा बेताबेतानेच घेत होतो. सगळं पुन्हा केलं. या वेळी श्वास बाविसाव्या सेकंदाला होता. केबल बदलली. नवव्या सेकंदाला. माइक बदलला. सुरुवातीलाच.

शेवटी तिने माइक उपटून बाजूला ठेवला आणि कशालाच काही जोडलेलं नसताना रेकॉर्ड केलं.

श्वास होताच.

तिने स्क्रू काकांना फोन लावला आणि आठवडाभराचा सगळा राग त्यांच्यावर काढला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तीच स्वतःची समजूत काढत म्हणाली, की लॅपटॉपच्या आतला छोटा माइक चालू राहिला असणार.

काकांनी तोंडातला स्क्रू काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आतला माइक कुठाय त्यात?" ते म्हणाले. "बिघडला होता, मीच काढून टाकलाय. तिथं नुसतं भोक आहे, पोरी."

ताईने भोकाकडे पाहिलं. मोहरीएवढं, काळं.

"आणून दे परत," काका म्हणाले. आवाज एकदम उतरलेला.

"काका, उद्या बाराला गाणं द्यायचंय. दुसरा आहे का तुमच्याकडे?"

दुसरा नव्हता.

तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणूस पळून जातो. पण तीन दिवस तीन लॅपटॉपांशी डोकं फोडलेला माणूस पळत नाही. तो म्हणतो, गेलं खड्ड्यात, मी काम करणार. ताईने हेच केलं. रात्री मात्र लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून बैठकीत ठेवला, एवढं तिने कबूल केलंय.

शुक्रवारी सकाळी नऊला ती कपाटासमोर उभी राहून गायली. एका सपाट्यात पूर्ण गाणं. आता त्यातून तो श्वास काढायचा होता.

त्याची सोय असते. खोलीच्या शांततेचा एक तुकडा प्रोग्रामला द्यायचा आणि सांगायचं, हे जे आहे ते गाण्यातून वजा कर. ताईने कालच्या शांततेचा तुकडा दिला. गाणं स्वच्छ झालं.

पण ताईची एक सवय आहे. फक्त वजा केलेला आवाज ऐकण्यासाठी एक बटण असतं. कचऱ्याबरोबर आपला सूर तर फेकला जात नाही ना, हे बघायला ती ते नेहमी दाबते.

तिने दाबलं.

आधी तो श्वास. मग बराच वेळ काहीच नाही... आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी...

"च्च."

जिभेचा आवाज. मुलगी चुकली की शिकवणाऱ्या बाई करतात ना, तसा.

ताईने हेडफोन झटकन काढून ठेवले. तरी तिने स्वतःच्या गाण्यात नेमकी ती जागा काढून ऐकली.

सूर खरंच किंचित उतरला होता. तिला स्वतःला कळला नव्हता, इतका किंचित.

मग कचऱ्याच्या अगदी टोकाला, गाणं संपल्यानंतर, एका बाईचा शांत आवाज आला.

"पुन्हा."

यापुढचं सांगताना ताई अडखळते. तिने लॅपटॉप बंद करायला हवा होता. तसं तिलाही वाटलं. पण चूक खरी होती ना... आणि चुकलेलं गाणं पाठवायचं कसं?

ती पुन्हा गायली. वजा केलेलं ऐकलं. दुसऱ्या ओळीला आता काही आवाज नव्हता. च्च तिसरीत.

पुन्हा.

दहा वाजले. मामीने दार वाजवलं, खायला ये म्हणाली. ताई आली नाही. अकरा वाजले. दर वेळी चूक खरीच निघायची. एकदा श्वास तुटला होता, एकदा शब्द चावला होता. ताई रडकुंडीला आली, पण त्या बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. तसाच शांत.

पुन्हा.

बाराला सात मिनिटं कमी असताना ताई अकराव्यांदा गायली. बटण दाबलं. श्वास नाही. च्च नाही. टोकापर्यंत काहीच नाही.

तिने गाणं पाठवून दिलं.

निर्माती बाईंचा फोन चार मिनिटांत आला. इतकं सच्चं गाणं खूप दिवसांनी ऐकलं, म्हणाल्या. बाराही भाग तुझे. मामाने कधी नव्हे ते ताईच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून "आमची संगीतकार" असं सांगितलं. दवाखाना सुटला.

लॅपटॉप मात्र ताईने परत केला नाही.

स्क्रू काका दोनदा घरी येऊन गेले. चांगला नवा देतो, बदलून घे, म्हणाले. ताईने चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. इतका शांत लॅपटॉप पुन्हा मिळायचा नाही, हे तिचं उत्तर.

दुसऱ्या भागाच्या गाण्याला चौदा वेळा गावं लागलं. चौथ्याला एकतीस. सगळी गाणी अशी झाली, की ऐकणारा गप्पच होतो. मला त्यांचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

आता नववा भाग चाललाय.

गाणं द्यायची तारीख मागच्या सोमवारी गेली. निर्माती बाई आधी समजुतीने घेत होत्या, आता चिडल्यात. परवापर्यंत आलं नाही तर उरलेले भाग दुसऱ्याकडे, असं त्यांनी सांगितलंय. मामा समजावून थकला. मामीने तर एकदा वायर उपटून लपवली. ताईने बॅटरीवर काम केलं.

काल शाळा सुटल्यावर मी तिकडे गेले. दुपारचे तीन-सव्वातीन. मागच्या खोलीचं दार बंद. आतून ताई गात होती. आवाज पार बसलेला, पण सूर... सूर असा होता, की मी दप्तर खांद्यावरच ठेवून दाराशी बसले.

गाणं संपलं.

बटणाचा टक आवाज आला. मग शांतता. ताई हेडफोनमध्ये ऐकत असणार. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

का कोण जाणे, मीही श्वास रोखून धरला होता.

बराच वेळ गेला...

मी दारावर हलकेच टकटक केलं. ताई, बस झालं, म्हटलं. छान झालंय. पाठव.

आतून खुर्ची सरकली. ताई घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज आला. दार उघडेल असं वाटून मी उठून उभी राहिले.

"नाही गं," ती दाराआडून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अजून एकदा."

आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

मी शपथेवर सांगते, मला गाणं कळतं. तीन वर्षं शिकतेय मी. त्या गाण्यात मला एकही चूक सापडली नव्हती.