उतरलेला खांदा

ज्याला हे खोटं वाटेल, त्यानं मानेवाड्याला माझ्या जावेच्या घरी जाऊन पुतळा बघून यावा. अजून तिथंच उभा आहे. मी फार शिकलेली नाही, पण थापा मारायला मला वेळही नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची दुपार बघितलेली नाही.

माझी थोरली जाऊ कुसुमताई. तीस वर्षं वितीनं मोजून ब्लाउज शिवणारी. पण स्वतःच्याच लेकीचा, अबोलीचा, साखरपुड्याचा ब्लाउज पाठीत चुरगळला. विहीणबाई फोटो बघून हसल्या. ते हसणं कुसुमताईंच्या काळजात रुतून बसलं.

लग्नाच्या शालूला ब्लाउजपीस एकच. कापायला चुकलं की संपलं.

मग सून मेघानं सीताबर्डीवरून शिवणकामाचा पुतळा आणला. नुसतं धड. ती क्लासला शिकली होती... पुतळ्याला भरण गुंडाळून अबोलीच्या मापाचा करायचा, त्यावर मांजरपाटाचं स्वस्त कापड टाचून टक्सच्या चुण्या घ्यायच्या, खडूनं रेषा मारायच्या, कच्चे टाके घालायचे. ते नीट बसलं की त्यावरून खरं कापड कापायचं.

"तीस वर्षं शिवलं, आता या बिनमुंडक्याच्या बाईकडून शिकू काय वं?" कुसुमताई म्हणाल्या.

पण शिकल्या.

भरणाला मऊ सुती कापड हवं होतं. त्यांनी पेटीतून दोन जुनी लुगडी काढली...

आमच्या सासूची.

सासू त्याच्या आधीच्या दिवाळीत गेली. गेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे तेरवीलाच देऊन टाकतात. पण कुसुमताईंना चांगलं कापड घराबाहेर घालवत नाही. कोणाला न सांगता ठेवून घेतली होती.

पहिल्या दुपारी माप बरोबर आलं. दोन्ही खांदे सारखे. मांजरपाट टाचून त्या जेवायला बसल्या.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला.

आणि आतल्या खोलीतून... टक्.

थोड्या वेळानं... टक्.

फरशीवर टाचण्या पडत होत्या. एकेक. सगळ्या उजव्या खांद्याच्या.

टेप लावली, तर उजवा खांदा अर्धा इंच खाली. भरण घसरलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा गुंडाळलं, वरून दोऱ्यानं शिवून टाकलं.

दुसऱ्या दुपारी... एक इंच.

दोरा जसाच्या तसा.

तिसऱ्या दुपारी मेघा दारात आली आणि तिथंच थबकली. पुतळ्याची पाठ तिच्याकडे होती.

"आई... आजी उभी आहे."

आमच्या सासूनं नरखेडच्या बगीच्यात उभा जन्म खांद्यावरून संत्र्याच्या पेट्या वाहिल्या. तिचा उजवा खांदा कायमचा उतरला होता.

भरणात काय घातलं, मेघानं विचारलं. कुसुमताईंनी लुगड्यांचं कबूल केलं. मग त्यांनी लुगडी उसवून काढली आणि अंगणात जाळली.

खालचा पुतळा सरळच होता.

कुसुमताईंच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी अबोली ऑफिसातून आली. उतरलेल्या खांद्यावर बेतलेला, टाकून द्यायला ठेवलेला तो मांजरपाट तिनं गमतीनं अंगावर चढवला.

एक सुरकुती नाही.

"सरळ उभी राह्य वं," कुसुमताई म्हणाल्या.

"सरळच तं उभी आहो मी."

शालूचा ब्लाउज त्याच मापावर कापला. दुसरं कुठलंच माप तिला बसत नव्हतं. लग्नात विहीणबाईंनी फिटिंगची तारीफ केली. कुसुमताईंनी मान वर केली नाही.

आता अबोलीला सातवा महिना आहे. जुने ब्लाउज अंगात जात नाहीत. भिवापूरहून, सासरहून नवे शिवून दे म्हणून फोन करते, तेव्हा कुसुमताई रेडिमेड घे म्हणतात.

परवा ती माहेरी आली. टेप घेऊन समोरच उभी राहिली.

"आई, काहून माप घेऊन नाही राहिली वं?"

कुसुमताईंनी तिच्या हातातून टेप घेतली, गुंडाळली, डब्यात टाकली. चहा ठेवते म्हणून आत गेल्या.

अबोली त्यांच्यामागे निघाली.

मी तिथंच बसले होते. तिच्या पाठीकडे मीसुद्धा बघितलं नाही...