तळच्या ओळीतला तिसरा

"साटम, सातवा पण गेला! आत्ताच्या आत्ता आंबिवलीला या."

दौलतशेठांचा फोन म्हणजे आधी ओरडणं, मग बोलणं. रवींद्र साटमांनी अर्धा चहा तसाच सोडून चपला घातल्या. 'उल्हासकाठ' साप्ताहिकाचे ते संपादक, बातमीदार, मुद्रितशोधक आणि शिपाईही. कल्याणात दोन खोल्या. पुढे कचेरी, मागे बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणायचं आपलं! बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. फोन वाजलाच तर जाहिरातीसाठी, नाहीतर भांडणासाठी. आजचा भांडणाचा होता, तरी त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आंबिवली स्टेशनबाहेर दौलतशेठांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मध्ये हात जोडलेले शेठ, वर 'शतायुषी व्हा', तळाला बशीएवढे गोल चेहरे. चौदा शुभेच्छुक, प्रत्येकाखाली नाव. डावीकडून तिसऱ्या जागी नावासकट भोक.

रवींद्रांनी भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. कड सरळ नव्हती, बारीक दातेरी होती. शेठांच्या चेहऱ्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

वॉर्डात असे आठ फ्लेक्स. सातांत भोक, सगळीकडे त्याच जागी. आठवा तेवढा दुमजली उंचीवर होता, तो शाबूत.

समोर शेवंतीबाईंची चहाची टपरी होती.

"काल इथे कोणी आलेलं?"

"कोन नाय."

"अगदी कोणी नाही?"

"आता एक म्हातारा दुपारी टेप लावून मापं घेत होता, तो काय माणसात मोजायचा? पालिकेचा असंल. परवानगीपेक्षा मोठा लावला की येतात ना ते."

"कापताना पाहिलंत?"

"मी गिऱ्हाईक बघू का त्याला बघू? पिशवी होती त्याच्याकडं, येवढंच."

दौलतशेठ कार्यालयात येरझाऱ्या घालत होते. बापाने भात लावला त्याच जमिनीवर आता शेठांचे टॉवर उभे होते, आणि निवडणूक तोंडावर आलेली.

"हे साईनाथचंच काम," शेठ म्हणाले. "रविवारच्या कट्ट्यावर काय बोलला तो? हे चेहरे उतरवले की शहर दिसेल! तुमच्याच पेपरात आलंय. संध्याकाळी सहाला पोलिसात तक्रार टाकणार आपण. शाळेला पण कळवणार."

साईनाथ पालिकेच्या शाळेत कंत्राटी चित्रकला शिक्षक. पुढच्या आठवड्यात कंत्राट वाढायचं होतं. तक्रार झाली की नोकरी गेली, यात शंका नको.

"शेठ, एक विचारू? चेहरा कापला तो कोणाचा?"

"म्हणजे?"

"तळच्या ओळीतला तिसरा. कोण होता?"

शेठांनी बोटांवर मोजत नावं घेतली. तेराला थांबले. पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा तेराच. कार्यालयातल्या पोरांना विचारलं, तीही एकमेकांची तोंडं बघत राहिली.

"असेल कोणीतरी," शेठ वैतागून म्हणाले. "शुभेच्छुक!"

साईनाथ कट्ट्याच्या खोलीत एकटाच सतरंजी गुंडाळत बसला होता. एरवी रविवारी इथे तीस-चाळीस कवी, चित्रकार, तबलजी दाटीवाटीने बसायचे. काल फक्त दोघं आले आणि चहा न घेताच निघाले.

"तुम्ही पण विचारायलाच आलात ना?" तो म्हणाला. "विचारा. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय."

"तुझ्याकडे कात्री आहे?"

"कटर आहे. चित्रकाराकडे कटरच असतो, काका. आणि मला फ्लेक्सचा राग आहे, तर मी मधला मोठा चेहरा सोडून त्या बिचाऱ्याला कशाला कापू?"

कटरने कड सरळ निघते. रवींद्रांना ते पटलं, पण शेठांना पटवायला तेवढं पुरणार नव्हतं. निघताना त्यांनी साईनाथच्या खांद्यावर हात ठेवला, तसे त्याचे डोळे भरून आले. आठ दिवसांत त्याच्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

कल्याणात फ्लेक्स छापणाऱ्या श्रियाने कॉम्प्युटरवर फाईल उघडली.

"नवीन काय बनवायचं असतं, काका? गेल्या वर्षीचीच फाईल. एकोणपन्नासचे पन्नास केले, शर्टाचा रंग बदलला. झालं!"

"खालचे चेहरे?"

"ते कोण बघतं? तसेच राहू दिले. सगळे तसंच करतात."

तिने तिसरा चेहरा मोठा केला. तेल लावून चापून बसवलेले केस, नवा शर्ट. खाली नाव, कमलेश दळवी.

"अरे, हा तर आपला कमलेश! शेठांचे फ्लेक्स चढवायचा. गेल्या वर्षी म्हणाला, मजुरी राहू दे, माझा फोटो टाक. मी टाकला. एवढा खूश झालेला!"

"आता कुठे असतो?"

"काय माहीत. कितीतरी महिने आलाच नाही. गावाला गेला असेल. वडील आंबिवलीला ब्लाऊज शिवतात, त्यांना विचारा."

रवींद्र ताडकन उठले. टेप, पिशवी, दातेरी कड! सकाळपासून सगळं डोळ्यांसमोर होतं. स्वतःला चार शिव्या घालत त्यांनी रिक्षा पकडली.

सहाला दहा मिनिटं असताना ते शेठांच्या कार्यालयात शिरले. सोबत साईनाथ आणि एक वाळका म्हातारा. म्हाताऱ्याच्या गळ्यात टेप, हातात पिशवी.

"हे गोपीनाथ दळवी," रवींद्र म्हणाले. "स्वतःहून आलेत. तक्रार लिहायचीच असेल तर यांच्या नावाने लिहा."

"कोण हे?" शेठांनी विचारलं.

"सांगतो. कापणाऱ्याला तुमच्याशी वैर असतं तर त्याने तुम्हाला कापलं असतं. त्याला एकच चेहरा हवा होता. उंचावरचा फ्लेक्स वाचला, म्हणजे शिडीवर चढणं त्याला झेपत नव्हतं. कड दातेरी आहे, आणि अस्तराच्या कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून टेलर अशीच कात्री चालवतात. भर दुपारी, रस्त्यावर कापूनही तो दिसला नाही, कारण टेप लावून मापं घेताना बघून लोकांना वाटलं, पालिकेचा माणूस आलाय."

"मापं खरंच घेतली," गोपीनाथ हळूच म्हणाले. "बाजूच्या दोन पोरांच्या चेहऱ्याला कात्री लागायला नको."

त्यांनी पिशवीतून एका ब्लाऊजपीसची घडी काढली. आत सात गोल होते, ओल्या फडक्याने पुसून एकावर एक ठेवलेले.

"माझा मुलगा. कमलेश. कावीळ झाली, एप्रिलमध्ये गेला."

"गेल्या वर्षीचा फ्लेक्स पोरांनी उतरवून गटारावर टाकलेला. जूनमध्ये मी तिथनं चाललेलो. लोक त्याच्या तोंडावर पाय देऊन जात होते. त्याला जाऊन दोन महिने पण झाले नव्हते. मी तिथेच बसलो, मला उठताच येईना." त्यांनी श्वास घेतला. "आता परत लावलात. स्वतः पस्तिसाव्या वर्षी गेला, आणि तुम्हाला सांगतोय, शतायुषी व्हा. बघवलं नाही, शेठ. या मास्तरांवर आळ येईल, हे डोक्यातच आलं नाही."

दौलतशेठ खाली बसले.

"मास्तर, चुकलो," ते साईनाथला म्हणाले. मग म्हाताऱ्याकडे वळले. "काका, श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावू आपण. चौकात."

"नको, नको!" गोपीनाथांनी दोन्ही हात हलवले. "फक्त फाईलमधनं काढा त्याला. आणि तो वरचा तेवढा उतरवून द्या."

"पण तुम्ही आम्हाला कळवायचं तरी. मला कोणीच बोललं नाही, देवाशपथ."

"कळवलेलं ना. घरोघर कुठे फिरणार, म्हणून पेपरात दिलेलं. ही सगळी मंडळी 'उल्हासकाठ' वाचतात." म्हातारा रवींद्रांकडे वळला. आवाजात राग अजिबात नव्हता. "अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तुमच्याकडे आलेलो, साहेब. निधन वार्ता लिहून आणलेली. तुम्ही म्हणालात, जागा उरली तर घेऊ."

रवींद्रांना तो अंक आठवला. बारा पानं, आणि त्यातली नऊ नव्या फ्लॅटच्या जाहिरातींची. म्हातारा मात्र काही केल्या आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त शरम वाटली. दोन ओळी छापल्या असत्या, तर श्रियाने वाचल्या असत्या, शेठांनी वाचल्या असत्या, आणि कात्री पिशवीतून बाहेरच आली नसती. सकाळपासून ते ज्याला शोधत होते, त्याच्याइतकाच दोष त्यांचा स्वतःचा होता. तसं ते सगळ्यांसमोर बोललेही.

"माझी चूक, गोपीनाथराव. पहिल्या पानावर घेतो. सांगा, इथेच लिहून घेतो."

"कमलेश गोपीनाथ दळवी. वय पस्तीस."

"काय करायचे?"

"फ्लेक्स बांधायचा. गाठ चांगली मारायचा. वादळात पण सुटायची नाही. ते लिहिता येईल?"

"येईल."

रवींद्रांनी ते लिहिलं. पुढचा ठरलेला मजकूर एरवी हात आपोआप लिहितो; तीस वर्षं हजारो वेळा लिहिलेला. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे.

"पश्चात कोण कोण?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

रवींद्रांनी 'वडील' असं लिहिलं आणि पेन थांबलं. आपली बातमी कधी लिहिली जाईल तेव्हा त्या जागी एवढाही शब्द असणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी खुर्ची म्हाताऱ्याच्या जवळ ओढली, 'असा परिवार आहे' हे शब्द पूर्ण केले आणि सगळी बातमी त्याला सावकाश वाचून दाखवली.