डिकीवरची थाप

बळवंतभावोजींना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. म्हणजे शेवटी बेरीज करताना तुमचा गोंधळ होणार नाही.

डॉक्टरांच्या फियाटवर कायमची ड्रायव्हरची नोकरी. निळा शर्ट, खिशाला पेन. गिरणी बंद पडल्यापासून चाळीत ‘घरीच असतात’ अशी ओळख झाली होती, ती पुसली जाणार होती. आणि सासरी, म्हणजे आमच्याकडे, जेवायला बसल्यावर मान वर करून दुसऱ्यांदा भात मागता येणार होता.

जाणार काय होतं?

त्यांच्या मते, काहीच नाही.

हे खरं घडलेलं आहे. मी तिथे उभी होते. एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा मे महिना, मुलुंडमधली एक गल्ली, आणि रात्र नाही... भर दुपार. भुतं अंधाराची वाट बघत बसतात असं ज्यांना वाटतं, त्यांचा मला हेवा वाटतो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, शेवंताताईचा नवरा. डॉक्टरांचा जुना ड्रायव्हर काशीराम गावी परतणार होता. त्याने भावोजींचं नाव पुढे केलं. डॉक्टरांची अट एकच.

दवाखान्यासमोर बंद पडलेल्या कारखान्याची भिंत होती. भिंतीलगत साखळीने बांधलेली एक हातगाडी, मग थोडी रिकामी जागा, आणि त्या जागेच्या मागे चाकं काढून विटांवर ठेवलेला जुना ट्रक. हातगाडी आणि ट्रक यांच्या मधल्या जागेत फियाट रिव्हर्समध्ये घालायची. भिंतीला समांतर. ओरखडा न पाडता.

सरळ रस्त्यावर भावोजी झकास चालवायचे. रिव्हर्स टाकला की वाट लागायची.

डॉक्टर दुपारी झोपले की काशीराम त्यांना शिकवायचा.

“हातगाडीच्या बरोबरीला ये. थांब. आता डावीकडे पूर्ण फिरव. अर्धी आत गेली की उलट काप. आणि मागे बघ रे बळवंता! मानेत काय सळई घातलीय?”

“मागे बघितलं की हात चुकतो यार.”

“मग मागे कोण बघणार? तुझी बायको?”

शेवटी काशीरामच मागे उभा राहून डिकीवर थापट्या मारायला लागला. मुंबईत ही भाषा कोणाला शिकवावी लागत नाही. एकेक थाप म्हणजे येऊ दे. लागोपाठ दोन म्हणजे बस.

तरी जमेना. एकदा हातगाडीला घासली, एकदा भिंतीला.

आणि मग एका दुपारी...

थाप.

थाप.

थाप. थाप.

भावोजींनी ब्रेक दाबला. गाडी भिंतीला अशी समांतर बसली होती, जशी काही तिथेच बनवली असावी. ते आनंदाने उतरले. तर काशीराम गल्लीच्या तोंडाकडून चालत येत होता. हातात चहाचे दोन ग्लास.

“कोणी लावली रे?”

“मी. तूच ना थापट्या मारत होतास?”

“मी तर टपरीवर होतो.”

दोघांनी मागे जाऊन बघितलं. डिकी आणि ट्रक यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

तिथे माणूस उभा राहू शकत नव्हता.

काशीरामने चहा तसाच गटारात ओतला आणि म्हणाला, “उद्यापासून दुसरीकडे शिकू.” पण परीक्षा याच जागेची होती. भावोजींनी फायदा-तोटा बघितला आणि तिथेच शिकायचं ठरवलं.

हे मला कसं कळलं? ताईने एकदा माझ्याबरोबर त्यांचा डबा पाठवला होता. भावोजी भलतेच खुशीत होते.

“बस गं नलू. कमाल दाखवतो.”

मी पुढच्या सीटवर बसले. त्यांनी रिव्हर्स टाकला. आरशात बघितलं नाही, मान वळवली नाही.

थाप...

जड हात होता. पत्र्यातून आवाज माझ्या पाठीत शिरला. मी मागे वळले.

काचेपलीकडे कोणी नव्हतं. फक्त ट्रक.

थाप थांबली. गाडी वाकडी झाली.

“बघू नको ना!” भावोजी खेकसले. “बघितलं की थांबतो तो.”

“कोण?”

“असेल कोणीतरी. आपल्याला काय करायचंय? फुकट मदत करतोय ना?”

मी उतरले. डिकीवरच्या धुळीत एक पंजा उमटला होता. मोठा, बोटं फाकलेला.

“ताईला सांगू?”

“सांगून काय करशील? नोकरी तू देणारेस?”

तरी मी ताईला सांगितलं. ती हसली. “अगो, आधार असता एकेकाचो,” म्हणाली आणि देवाला अगरबत्ती लावली.

परीक्षेच्या दिवशी ती हौसेने आली. गाडीपुढे फोडायला नारळ घेऊन. हातभर हिरवी काकणं भरली होती. डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे होते, काशीराम त्यांच्या शेजारी, आणि मी ताईबरोबर रस्त्याच्या कडेला.

भावोजींनी गाडी हातगाडीच्या बरोबरीला आणली. स्टिअरिंग फिरवलं.

थाप.

“कोण वाजवतंय?” डॉक्टरांनी विचारलं. काशीरामने मान खाली घातली.

थाप...

तेवढ्यात ताईने मान कलती केली. आपलं नाव कोणी हळू घेतलं की आपण करतो, तशी.

“इलंय,” ती म्हणाली. म्हणजे आले. घाई झाली की तिच्या तोंडून मालवणीच यायचं. “इलंय हां, इलंय...”

आणि चालत चालत डिकी आणि ट्रक यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली.

“ताई!”

ती वळली नाही.

“भावोजी, थांबा! ताई मागे आहे!”

काशीरामही ओरडला. गाडीची खिडकी उघडी होती. भावोजींचा चेहरा मला दिसत होता. शांत, जरासा हसरा. त्यांना फक्त थाप ऐकू येत होती.

गाडी हळूहळू येत होती. लहान मूलही धावत जाऊन आईला ओढून काढेल, इतकी हळू. पण माझे पाय उचलेनात. काशीरामचेही नाहीत. पायरीला चिकटल्यासारखा तो तिथूनच ओरडत होता.

थाप.

थाप. थाप.

गाडी थांबली. समांतर. ओरखडा नाही.

आमचं ओरडणं डॉक्टरांच्याही कानावर गेलं नव्हतं; त्यांची नजर सगळा वेळ पुढच्या बंपरवर होती. त्यांनी टाळी वाजवली.

मग माझे पाय सुटले. मी धावले. डिकी आणि ट्रक यांच्यामध्ये वीतभर जागा...

तिथे रक्त नव्हतं. ताई नव्हती.

नारळ पडला होता. आख्खा.

आम्ही गाडीखाली बघितलं. पोलीस आले, ट्रक हलवला, विटा उचलल्या. मग त्यांच्यातला एक म्हणाला, “बाई रागावून माहेरी गेली असेल.” माहेर म्हणजे आम्हीच. आम्ही तिथेच उभे होतो.

भावोजींनी नोकरी सोडली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. वर्षभराने जाब विचारायला मी त्या गल्लीत गेले. ते वाळले होते. निळा शर्ट अंगावर लोंबत होता.

त्यांनी दार उघडून मला गाडीत बसवलं आणि रिव्हर्स टाकला.

थाप...

हलका हात होता या वेळी.

आणि थापेबरोबर काकणं वाजली.

मी वळणार, तोच त्यांनी माझा दंड घट्ट धरला. समोर बघतच. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“मान वळवू नको गं नलू. बघितलं की जाते ती.”

मी वळले नाही. अजून मला कळत नाही, वळायला हवं होतं की नाही.

तर बेरीज अशी. डॉक्टरांना चांगला ड्रायव्हर मिळाला. भावोजींना नोकरी मिळाली. तो जड हात पुन्हा कोणी ऐकला नाही, म्हणजे बहुतेक त्याचीही सुटका झाली.

भरलं फक्त ताईने. जिला गाडीतलं काहीच नको होतं.

परवा आमच्या सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं. वॉचमन डिकीवर थापट्या मारत होता. मी खिडकी लावून घेतली.

वॉचमन काकणं घालत नाही, एवढं मला कळतं.