डिस्कमधला रूपीचा आवाज

नरपडच्या वाडीत चिकूच्या पेट्या भरून झाल्या होत्या आणि टेम्पो अजून यायचा होता. लाइट गेलेली. महादेवकाकांनी रचलेल्या पेट्यांना पाठ टेकली, तंबाखू मळली आणि समोर बसलेल्या रिया-पीयूषला म्हणाले, "आज तलासरीच्या उमेशचं सांगतो. आपल्या विजयमालाच्या लग्नाचं शूटिंग केलं ना, तोच. हे मी त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि थोडं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"भूत कोण आहे ते आधी सांगा," रिया म्हणाली.

"भूत सांगून येतं होय गं? गप बस आणि ऐक."

उमेश त्या दिवशी वाणगावला गेला होता, स्पीकर भाड्याने आणायला. तीन वर्षांपूर्वीची चैत्र पौर्णिमा, महालक्ष्मीच्या जत्रेची. परवावर त्याच्या धाकट्या बहिणीचं, शितलचं, लग्न आलेलं. पाडा रिकामा झाला होता, सगळे जत्रेला. शितलही मैत्रिणींबरोबर जीपने गेली होती. चांदणं असं पडलेलं की अंगणात बसून तांदूळ निवडावेत.

स्पीकर आईसाठी होता. उमेशची आई रूपी धवलेरी होती. त्यांच्यात लग्न लावायला भटजी लागत नाही, बाई लावते. रात्रभर गाणी म्हणून देवांना बोलावते, तेव्हा कुठे लग्न लागतं. रूपीने जगाच्या पोरींची लग्नं लावली आणि पोटच्या पोरीचं लागायच्या आत डोळे मिटले. पण जायच्या आधीच्या पावसाळ्यात उमेशने तिला समोर बसवून एकेक गाणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. शितलने हट्टच धरला, माझं लग्न आईच लावणार. म्हातारी नवशी, जी आता पाड्यातली लग्नं लावते, तिला खरं तर राग यायला हवा होता. ती म्हणाली, "लावू द्या रूपीला. मी बाजूला बसून तिला हुंकार देईन."

गाणी उमेशच्या कॉम्प्युटरात होती. घरात फक्त तिथेच. ज्या मोबाईलवर रेकॉर्ड केली तो विहिरीत पडून कधीच गेला होता.

दिवेलागणीला उमेशने स्पीकर जोडला आणि बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर पांढरी ओळ, चालू करायला काही सापडत नाही.

"म्हणजे गाणी गेली?" रियाने विचारलं.

"कुठली जातात! बटण दाबलं की मशीन आधी आपलेच हातपाय चाचपते. मग डिस्कच्या दारात जाऊन विचारते, विंडोज कुठे आहे? डिस्क एकच, पण आत भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. पार्टिशन म्हणतात. ही पेटी बघ. मधे पुठ्ठा घातलाय, या अंगाला पिकलेले चिकू, त्या अंगाला कच्चे. उमेशच्या डिस्कवर अशा तीन खोल्या होत्या. दारातली छोटी, तिच्यात नुसता पत्ता, विंडोज कुठे ते. मधलीत विंडोज. आणि मागच्या मोठ्या खोलीत रूपी. बिघडला होता तो दारातला पत्ता. रूपी होती तिथे सुखरूप होती."

उमेशने चारोटीला मनिषला फोन लावला. मनिषचं तिथे रिपेरिंगचं दुकान. उमेशला माउस कसा धरायचा तेही त्यानेच शिकवलेलं. दोघं एका ताटात जेवलेले. रूपीच्या हातची नाचणीची भाकर खाऊन मनिष मोठा झाला आणि रूपी गेली तेव्हा खांदाही त्याने दिला. असा माणूस. फोन वाजून वाजून बंद झाला.

साडेनऊला मनिषचाच फोन आला.

"उम्या, काय झालं?"

उमेशने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. एक गोष्ट त्याला नंतर आठवली. जत्रेची रात्र, चारोटीचा हायवे, आणि मनिषच्या मागे एकाही गाडीचा आवाज नव्हता.

"मी दिलेला विंडोजचा पेनड्राइव्ह आहे ना? लाव. त्याच्यावरून चालू कर. नवीन टाकू."

"मन्या, आईच्या गाण्यांची कॉपी नेली होतीस ना तू मागे? ऐकायला म्हणून? तीच पाठव ना सकाळी."

"ती उडाली केव्हाच."

मनिष सांगेल तसं उमेश करत गेला. भाषा निवड. पुढे. पुढे. मग पडद्यावर तीन ओळी आल्या. त्यांना नावं नव्हती. रोजचा सी नाही, डी नाही. एक, दोन, तीन, आणि पुढे नुसते आकडे.

"तिसरी धर. डिलीट दाब."

उमेशचा हात थांबला. "तिसरी मोठी आहे रे. आई तिच्यातच असणार."

"इथे क्रम उलटा दिसतो. मोठं ते विंडोजचं."

"नक्की?"

"उम्या, तुला हे कुणी शिकवलं?"

"तू."

"मी कधी चुकीचं सांगितलंय?"

"...नाही."

"मग दाब."

वैऱ्याने सांगितलं असतं तर माणूस दहादा विचार करतो, पोरांनो. घरातल्याने सांगितलं की बोट आपोआप खाली जातं. गेलं.

"काका, एक मिनिट," पीयूष मधेच म्हणाला. "डिलीट केलेलं पार्टिशन परत आणता येतं. आमच्या कॉलेजात एकाचं आणलं होतं."

"येतं ना. वर काही लिहिलं नसेल तर येतं. म्हणून तर तो तिथे थांबला नाही. म्हणाला, आता त्याच जागेवर नवीन कर. वरवर नको, शून्यं भरून सगळं पुसून काढ. फॉर्मॅट कर. आणि विंडोज त्याच्यावरच टाक."

उमेशने केलं. आकडा चढू लागला. पाच टक्के. नऊ. फोन चालूच होता. मनिष काही बोलत नव्हता, पण होता. उमेश म्हणतो, कुणीतरी पाठीशी उभं राहून पडदा बघतंय असं वाटत होतं.

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. शितल धावत आत आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"दादा, मनिषदादाने आईला विकलं!"

"काय बरळतेस?"

"पाळण्यापाशी आईचं गाणं वाजत होतं. खाली ढोल लावलाय, बँजो लावलाय. आणि प्रत्येक कडव्याला एक बाई सांगते, मनिषच्या आजीचं गाणं, मनिषची भेट. त्याच्या आजीला कधी गाता येत होतं रे? आईच आहे ती. मधला खोकलासुद्धा आईचा. तो काढायलाही विसरला, मेला!"

 पडद्यावर एकवीस टक्के. त्याने फोनकडे बोट केलं. "थांब. आत्ता विचारतो त्याला. लाइनवरच आहे."

"कोण?"

"मनिष."

शितल मागे सरली. भिंतीला टेकली.

"दादा... मनिषदादा गेला."

"कुठे गेला?"

"गेला रे... संध्याकाळी. चारोटीला. कंटेनरखाली. येताना आमची जीप तिथेच अडकली होती. रस्त्यावर झाकून ठेवला होता... मी बघितलं त्याला."



फोनचा पडदा उजळलेला. वर नाव, मनिष. खाली सेकंद पुढे चाललेले.

बाहेर कुत्रं नाही... वारा नाही...

अठ्ठावीस टक्के.

मग फोनमधून आवाज आला. हळू. अगदी मायेने.

"दाबलंस ना रे?"

...

उमेशने वायर ओढली. सगळं अंधारलं. फोनही.

पेट्यांमागे कुठेतरी चिकू गडगडला तशी रियाने पीयूषचा हात धरला. "पण फोन... त्याचा फोन तर..."

"त्याच्याबरोबरच चिरडला होता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उमेश वापीला गेला. तिथला डेटा काढून देणारा माणूस दिवसभर बसला. वायर अठ्ठावीस टक्क्यांनाच ओढली होती, तरी त्या अख्ख्या जागेवर शून्याशिवाय काही नव्हतं. एक ओळ नाही. खोकला नाही. पाड्यातले शहाणे म्हणाले, जत्रेतलं गाणं लावा की, आवाज तर रूपीचाच आहे. शितलने हळदीच्या अंगाने उठून सांगितलं, "कडव्याकडव्याला त्याचं नाव येतं त्यात. त्याच्या नावाने माझं लग्न लागायचं नाही. नवशीआजी, तू म्हण." नवशी म्हणाली रात्रभर. लग्न लागलं. पण रूपीचं शेवटचं लांबलचक गाणं नवशीला येत नव्हतं. ते आता कुणालाच येत नाही.

मनिषच्या दिवसांना उमेश गेला नाही. मी त्याला रागे भरलो, अरे, मेल्या माणसाशी कसलं वैर? तो म्हणाला, "काका, जिवंतपणी विकलं ते मी गिळलं असतं. गरज असेल म्हणालो असतो. पण मेल्यावर उलटा आला तो. कशासाठी? खरं गाणं शिल्लक राहू नये म्हणून. आणि पुसलं कुणी? माझ्या बोटाने."  

काकांनी तंबाखू थुंकली. लांब रस्त्यावरून एक गाडी गेली, तो टेम्पो नव्हता.

"संपलं?" पीयूषने विचारलं.

"वापीवाल्याने डिस्क परत देताना उमेशला बाजूला घेतलं. म्हणाला, सगळी पुसली, नवीन एकच खोली केली, तरी जोडली की शेजारी दुसरी दिसते. छोटी. मी केलेली नाही. डिलीट होत नाही. उघडली तर रिकामी. पण खोलीच्या नावाखाली ती निळी पट्टी असते ना, किती भरलं ते दाखवणारी, जागा संपत आली की लाल होणारी... ती नखाएवढी भरलेली होती.

"उमेशने डिस्क एका जुन्या मशीनला लावून ठेवलीय. नेट नाही. कुणी काही टाकत नाही. आई परत येतेय की तो, हे कळावं म्हणून वर्षातून कधीतरी चालू करून बघतो. गेल्या आठवड्यात मी गेलो होतो, माझ्यासमोर चालू केली. खोली उघडली. आत काही नाही. एकही फाइल नाही."

"आणि पट्टी?"

काकांनी आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

"कडेपर्यंत आलीय," ते म्हणाले. "लाल झालीय."